डावीकडची किनार

वहिनी, हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. मी म्हातारी झालेय, खुळी नाही. पण तुझी मुलगी तुझ्या गोधड्यांचं पुस्तक काढतेय आणि तिला सुरुवातीला चार पानं हवीत. "आत्या, आईबद्दल तुम्हीच लिहा." तिला डोळ्यांपुढे ठेवून लिहायला बसले की सगळं गुळगुळीत होतं. तीन वेळा कागद फाडले. तुझ्यापुढे गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती, म्हणून तुलाच लिहिते. तिला यातलं काय छापायचं ते ती ठरवील.

तू माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आलीस तेव्हा एक ट्रंक कपड्यांची होती आणि दुसरी चिंध्यांची. भाऊ म्हणाला, "ताई, बघ, हिच्या बापानं मला चिंध्या देऊन गंडवलं!" त्या दिवसापासून घरात तुझं नाव चिंधाबाई पडलं. तू हसलीस आणि ती ट्रंक पलंगाखाली सरकवलीस. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तू एकतीस वर्षं कापड कापलंस. एका वेळी चाळीस थर, मोठी कात्री आणि चूक झाली तर चाळीस बाह्या वाया. सूतभर फरक तुला दारातून दिसायचा. माझ्या घरी आलीस की चप्पल काढायच्या आधी म्हणायचीस, "वन्सं, तुमचा पडदा उजवीकडे उतरलाय." आणि तो उतरलेला असायचाच. चीड यायची मला.

कापून उरलेले तुकडे घरी आणून तू तेवीस गोधड्या शिवल्यास आणि सगळ्या वाटून टाकल्यास. गेल्या वर्षी मुलीनं पुस्तकाचं काढलं, तेव्हा नातेवाइकांकडून एकेक गोधडी फोटोपुरती परत मागवलीस. एखादा फोटोवाला बोलाव म्हटलं तर म्हणालीस, "तो येईल, पाच मिनिटांत सगळ्या टिपेल आणि जाईल. त्याला टाका दिसणार आहे का?"

मग तुझ्या बाहेरच्या खोलीचा स्टुडिओ झाला. भाऊ गेल्यापासून घरात तू एकटीच, अडवणारं कुणी नव्हतं. सोफा स्वयंपाकघराच्या दाराशी ढकललेला, त्यामुळे चहा करायला आडवं होऊन आत शिरायचं. पडद्याची दांडी काढून खिडकीशेजारच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टेकवलेली. तिला गोधडी कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायची. खिडकीवर पांढरी चादर, म्हणजे ऊन गाळून येतं. उजेड समोरून नको, बाजूनं हवा, तरच धावदोऱ्याच्या ओळी नांगरटीसारख्या उठून दिसतात. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. स्टुलावर जाडी पुस्तकं, त्यांना रबरानं बांधलेला फोन. पुस्तकं माझी होती. माझ्या बीएस्सीचा एवढा उपयोग माझ्या नवऱ्यालाही झाला नाही. गोधडीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला टाचणीनं चिठ्ठी लावायची, तिच्यावर क्रमांक आणि साल. आठवड्याला दोन गोधड्या, सकाळी नऊ ते साडेदहा, कारण नंतर ऊन भिंतीवरून सरकतं. फोटो काढलास की लगेच मुलीला आणि मला पाठवायचीस.

पहिले दहा फोटो बघण्यासारखे आहेत. चारी बाजूंना सारखी भिंत, चिठ्ठी स्वच्छ. अकराव्यात डावी किनार दोन बोटं कापली गेली. म्हटलं, हात हलला असेल. चौदाव्या गोधडीच्या चिठ्ठीवर नुसता ४ दिसत होता. डावीकडचा एक फोटोच्या बाहेर. उजवीकडे मात्र वीतभर रिकामी भिंत.

मी फोन केला. "अगं, चौदाची चार कशी झाली? डावी बाजू कुठे गेली?"

"आहे की सगळी."

"फोटो उघडून बघ."

थोडा वेळ गेला. मग म्हणालीस, "बघितला. पूर्ण आलीय. तुमच्या फोनमध्ये कापली जात असेल. तुमचा फोन तुमच्याहून म्हातारा आहे, वन्सं."

मी हसले. हसले, हे लिहून ठेवते.

सतराव्यात चिठ्ठीच नव्हती. तुझ्या मुलीनं उलट लिहिलं, "आई, भिंतीचा फोटो छान आलाय, गोधडीही थोडी आलीय." तू तिच्यावर रुसलीस. त्याच आठवड्यात मी तुझ्याकडे जेवले, ताटं मीच वाढली. तुझ्या ताटाची उजवी अर्धी बाजू लख्ख झाली होती आणि डावीकडची भाजी तशीच. "आवडली नाही का?" मी विचारलं. तू म्हणालीस, "कोणती? मला भाजी वाढलीतच कुठे तुम्ही?" मी ताट फिरवलं. तू दचकलीस, मग खाल्लीस. निघताना तुझ्या डाव्या दंडावर निळा डाग दिसला. "काय हे?" तर म्हणे, "त्या दाराची चौकट मेली पुढे आलीय." घर बांधून चाळीस वर्षं झाली, चौकट कशी पुढे येते गं?

मी घरी आले आणि सगळे फोटो तारखेनं लावले. फोनच्या काचेवर पट्टी ठेवून उजवीकडची भिंत मोजली. दहापर्यंत सारखी. मग दोन मिलिमीटर जास्त, चार, सात, अकरा. एकदाही मागे नाही. निष्काळजी माणूस कधी इकडे चुकतं, कधी तिकडे. एकाच बाजूला, आणि दर वेळी आधीच्याहून जास्त, असं कुणी चुकत नाही. दुपारची वेळ होती, ऊन होतं, तरी मी उठून दिवा लावला.

माझा भाचा डोळ्यांचा डॉक्टर. त्याला फोटो पाठवले. एरवी तो बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी आधी प्रत्येक फोटोची तारीख विचारली.

"मावशी, हे डोळ्यांचं वाटत नाही मला."

"मग कशाचं?"

"डोक्यातलं असू शकेल. तपासल्याशिवाय काही बोलणार नाही. मामीला सोमवारी घेऊनच ये, मी दुसऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवतो. आणि हे फोटो मोठे छापून, तारखेनं लावून आण, त्यांना दाखवायला. तोवर तिला एकटीला रस्त्यावर सोडू नकोस. डाव्या बाजूनं काय येतंय ते तिला कळत नसणार, आणि कळत नाही हेही कळत नसणार."

तो बुधवार होता. त्याच संध्याकाळी मी फोटो छापायला टाकले, तुझ्या घरासमोरच्या दुकानात. शनिवारी मिळतील, दुकानदार म्हणाला. पावती पर्समध्ये घातली, रस्ता ओलांडला, तुझ्याकडे आले.

आयुष्यभर तोंडाळ म्हणून नाव कमावलं मी. भावाच्या लग्नात तुझ्या बापाला तोंडावर कंजूष म्हणाले होते. आणि त्या दिवशी नेमकी वाचा बसली. तू खुर्चीवर चढून दुसऱ्या दिवशीच्या फोटोसाठी चिमटे लावत होतीस. दांडीच्या उजव्या अर्ध्या भागावर नऊ चिमटे, दाटीवाटीनं. डावीकडे एकही नाही, तिकडून गोधडी लोंबत होती. तू खाली उतरलीस, दोन पावलं मागे गेलीस, मान कलती करून पाहिलंस आणि समाधानानं म्हणालीस, "आता कसं सरळ!"

मी म्हटलं, "सोमवारी भाच्याकडे जाऊ. डोळे तपासून घे."

"माझे डोळे? वन्सं, सुईत दोरा तुम्हाला कोण ओवून देतं?"

"फोटोही छापायला टाकलेत. पुस्तकासाठी." खोटं बोलले. "शनिवारी मी आणून देते. तू बाहेर पडू नकोस, पाय घसरेल."

"समोरच तर आहे दुकान. मी आणीन."

"सांगितलं ना, मी आणते म्हणून!"

"बरं बाई. आणि तुमच्याकडची बाविसावीही आणा. ती झाल्याशिवाय मी कुठल्या डॉक्टरकडे येत नाही."

बाविसावी माझ्याकडे गादीखाली होती. चुरगळलेली, एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग. मी ते सांगून टाकलं. म्हटलं, "कापडच ते, काय एवढं!" तू चिडली नाहीस. चिमट्यांची टोपली उचललीस आणि शांतपणे म्हणालीस, "तुम्हाला माझं काम कधी काम वाटलंच नाही. शिकलेल्या ना तुम्ही."

खरं होतं, म्हणून झोंबलं. त्याच क्षणी फोटो उघडून, ताटाची आठवण देऊन, दंड दाखवून सांगायला हवं होतं की बाई, तुझं अर्धं जग गळतंय. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. गुरुवारी फोन केला नाही. शुक्रवारीही नाही. तुझ्या मुलीला कळवायचं होतं, तेही नाही. सोमवारी सगळं एकदम सांगू, असं मनाशी ठरवून मोकळी झाले. रोग वाढत होता आणि मी रुसून बसले होते.

शनिवारी अकरा वाजता तुझा फोन आला. "वन्सं, फोटो आणताय ना?"

"आणते." एवढंच. माझ्या आवाजात अजून फणकारा होता. मी बाविसाव्या गोधडीला इस्त्री करत बसले होते, तो डाग निघतो का बघत. बारा वाजले, एक वाजला. डाग निघाला नाही. दोनला म्हटलं, आता उन्हात कोण जातं, संध्याकाळी जाऊ.

तू तीन वाजता खाली उतरलीस. तळमजल्यावरच्या शिंप्याला म्हणालीस, "वन्सं रागावल्यात, मीच आणते पाकीट. बघून त्यांचाही राग जाईल." रस्त्याच्या मध्यापर्यंत नीट गेलीस. टेम्पो डावीकडून आला. चालकानं हॉर्न दिला, दोनदा. तो पोलिसांना म्हणाला, "बाई थांबल्या. हॉर्न ऐकून थांबल्या. पण वळून दुसरीकडेच बघायला लागल्या." शिंप्यानंही तेच सांगितलं. तू उजवीकडे, रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होतीस.

दवाखान्यात तू दोन दिवस होतीस. मी तुझ्या उजव्या बाजूला बसले. तू डोळे उघडले नाहीस.

तुझ्या मुलीला मी मिलिमीटर, भाचा, सोमवार, सगळं सांगितलं. ती तुझी भांडी आवरायला उठली. लिहायला तिनं मलाच सांगितलं, यावरून काय समजायचं ते मला ठरवता येत नाही.

दुकानदाराचा फोन आला होता, दोनदा. "आजी, तुमचं पाकीट तयार आहे, कधीचं पडून आहे." येते म्हणाले. दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं, माझ्या घरापासून बारा मिनिटं चालत. मी अजून गेले नाही.