लाल कुंची, हिरवी कुंची

मुलगी बाळंतपणासाठी पोलादपूरहून आमच्याकडे महाडला आली आणि नातू झाला. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. घरात हा थट्टेचा विषय. माझे शर्ट बायकोच निवडते. पण बाळाच्या पहिल्या लसीच्या वेळी मी डॉक्टरांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, हा दोष आजोबांकडून मुलीच्या वाटेने नातवाकडे जाऊ शकतो. शक्यता निम्मी. मुलगी बाहेर बाळाला थोपटत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

जन्मल्यावर बाळाला उजेड, अंधार आणि ठळक आकार तेवढे कळतात, दोनेक महिन्यांनी लाल-हिरवं वेगळं दिसू लागतं, असंही डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

विहीणबाईंनी बाळंतविड्यात पुष्कळ कुंच्या आणल्या होत्या. बाळ दोन महिन्यांचं झालं, तसं रोज सकाळी मुलगी न्हायला गेली की मी त्यातली एक लाल, एक हिरवी काढून पाळण्यावर धरू लागलो. बाळ उजवीकडे बघायचं. म्हणजे कळतंय. की तिकडे खिडकी आहे म्हणून? हात बदलायचे, पुन्हा बघायचं.

एकदा बायकोने पाहिलं. "अवो, काय चाललंय? झोपू द्या की पोराला."

"लाल कुंचीकडे बघतो का, ते पाहतोय."

"लाल कुठली? दोनी हिरव्याच हायत. एक जरा विटलेली."

मुलगी केस पुसत दारात उभी होती. मग मला सगळं सांगावंच लागलं.

"नक्की कधी कळेल?" तिने विचारलं.

"रंगांची नावं सांगायला लागला की. चार-पाच वर्षांनी."

"तुम्हाला माझ्या लग्नाआधी हे माहीत होतं?"

"नाही गो. लसीच्या दिवशी कळलं."

"तरी इतके दिवस गप्प राहिलात."

मी म्हटलं, आत्ताच पोलादपूरला जातो, व्याह्यांची माफी मागतो. मी पिशवी शोधू लागलो.

"बाबा, बसा. माफी कसली मागायची? त्यांना मी सांगेन, मला वाटेल तेव्हा."

"जाऊ दे त्यांना," बायको म्हणाली. "लाल येष्टी सोडून हिरवीत बसतील."

मुलीला हसू आलं नाही. तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खिडकीकडे, तिथून आईच्या ओल्या केसांकडे गेली. दर वेळी मी मान वळवून बघत होतो, तिथे कुठला रंग आहे ते.