नऊ मुठी मटार

कलमकाकू हे नाव त्यांना दोनदा पडलं. पहिल्यांदा, त्या झाडांना कलमं बांधायच्या आणि बांधलेलं कलम सहसा मरायचं नाही म्हणून. दुसऱ्यांदा, शेतीच्या अनुदानाच्या नियमांचं कलम न कलम त्यांना पाठ झालं तेव्हा. शिक्षण म्हणाल तर सातवी. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. पण कृषी कार्यालयाच्या कारकुनानेही जी पुस्तिका कधी उघडली नव्हती, ती या बाईंनी कणीक मळता मळता तीन वेळा वाचून काढली होती. पानापानाला पिठाची बोटं लागलेली. गावात कोणाला अर्ज भरायचा असला की तो आधी काकूंच्या ओट्यावर यायचा, मग कार्यालयात जायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं.

योजना तशी साधी. जमीन नोंदवायची, सरकार दरवर्षी एकरी अनुदान देणार. बदल्यात त्या जमिनीत धान्य, कडधान्य किंवा गळिताचं पीक घ्यायचं. भाजी आणि फळं बंद. या अटीला शिव्या घालणारे पुष्कळ होते. काकूंचा दीर तर त्यात पहिला. आमच्या जमिनीत काय लावायचं हे सांगणारे तुम्ही कोण, असं तो भिंतीलाही ऐकवायचा. काकू मात्र अटीच्या बाजूने. त्यांची धाकटी बहीण पलीकडच्या गावात दोन एकरांवर भाजी करायची, एका पैचं अनुदान न घेता. पाठीवर सरकारचा हात असलेले लोक भाजीत उतरले, तर तिच्या पोटावर पाय येणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. घेताय ना, मग पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं.

काकूंच्या घरची चौदा एकर जमीन योजनेत नोंदवलेली. त्या वर्षी त्यातल्या चार एकरांत त्यांनी वाटाणा पेरला. कडधान्यांच्या यादीतलं पाचवं नाव. आणि नेमका अर्ज भरायच्या आठवड्यात काकूंचा पाय पायरीवरून मुरगळला. घोटा हा एवढा सुजला. त्यामुळे अर्ज भरायला गेले काका, म्हणजे त्यांचे यजमान. माणूस गाईसारखा गरीब, पण छापील कागद समोर आला की घाम फुटायचा. कारकुनाने विचारलं, चार एकरांत काय आहे? काकांनी घरात म्हणतात तेच सांगितलं: मटार.

आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. वेल तोच, बी तेच. शेंगेत हिरवा आहे तोवर आपण त्याला मटार म्हणतो, वाळून टणक झाला की वाटाणा. पण यादीत वाटाणा होता कडधान्यात आणि मटार होता भाजीत. काकांनी एका शब्दात चार एकरांची भाजी करून टाकली.

महिन्याने नोटीस आली. नोंदवलेल्या जमिनीत मनाई असलेलं पीक; चौदाही एकर सात वर्षांसाठी योजनेतून बाद का करू नयेत, खुलासा द्या. बी-खत सगळं त्या अनुदानावर चालायचं. ते थांबलं असतं तर अर्धी जमीन पडीक ठेवावी लागली असती. आणि त्याहून काकूंना टोचत होतं ते वेगळंच. गावाला नियम शिकवणारी बाईच नियम मोडताना सापडली, असं लोक म्हणणार. एरवी दाराची कडी नीट लावली नाही तरी दहा वाक्यं ऐकवणारी ही बाई काकांना एका शब्दाने बोलली नाही. काकांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

काकू काठी टेकत कार्यालयाचे दोन जिने चढल्या. अधिकारी नवा होता, बोलायला सभ्य. कागदावर मटार लिहिलंय काकू, मी काय करू, म्हणाला. काकूंनी पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरली. एकोणिसावं कलम. पीक ज्या अवस्थेत काढलं जाईल, त्यावरून त्याचा वर्ग ठरेल.

"साहेब, अजून काढलंच नाही, तर वर्ग ठरला कसा?"

अधिकाऱ्याने ते कलम दोनदा वाचलं. शेवटी ठरलं असं की काढणी होईपर्यंत तपासनीस न सांगता कधीही येणार. हिरवी काढणी दिसली, की चौदा एकरांचा विषय संपला. काकू म्हणाल्या, रोज पाठवा.

शेंगा भरल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी बाजारात मटार मिळेनासा झाला होता. व्यापाऱ्यांचे टेम्पो थेट बांधावर येऊन उभे राहायचे. दोन एकर हिरवा काढ, दोन वाळव, कोण मोजायला बसलंय, असं म्हणून दिराने कान किटवले. काकूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: हा मटार नाही, वाटाणा आहे, अजून लहान आहे. लोक हसले. काकू हसल्या नाहीत.

तपासनीस चार वेळा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. पाचव्यांदा आला तेव्हा वेल पिवळे पडले होते, काढणीला आठ दिवस उरले होते. पंपाच्या खोलीमागे त्याला टरफलांचा ढीग दिसला. हिरव्या शेंगांचीच, आता सुकत चाललेली.

काका पटकन म्हणाले, पाखरं फार झालीत यंदा. तपासनिसाने मान वर करून आभाळाकडे पाहिलं. भला माणूस होता, त्याला ते खरं मानायचंच होतं. काकू गप्प बसल्या असत्या तरी निभावलं असतं. पण त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी जमिनीकडे, आणि काकूंना सगळं कळलं. मनात आलं त्याला राग म्हणावा तर राग, माया म्हणावी तर माया.

"पाखरं टरफलं रचून ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी खाल्लाय. अहो, किती?"

"रोज एक मूठ," काका पुटपुटले. "नऊ दिवस."

"नऊ मुठी, हिरवा. लिहा."

तपासनिसाने पेन उघडलं आणि परत मिटलं. हे लिहिलं तर हिरवी काढणी धरतील, नीट विचार करा, म्हणाला.

"वीस वर्षं लोकांना नियम सांगतेय मी. स्वतःच्या घराला काय वेगळं कलम लावू? लिहा तुम्ही."

त्याने लिहिलं. तो गेल्यावर दोघं बांधावर बसून राहिली. काकूंनी विचारलं, गोड होता का? काका म्हणाले, फार. आणि मग, काय झालं कोण जाणे, दोघांनाही हसू आवरेना.

वाटाणा निघाला, पोती भरली, सुनावणीचा दिवस आला. काका बाकाच्या कडेला असे बसले होते, जणू निकाल त्यांचाच लागणार होता. अधिकाऱ्याने अहवाल वाचला. नऊ मुठींपाशी थांबला, ती ओळ परत वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिला नऊ मुठी लपवता येत नाहीत, ती बाई चार एकर काय लपवणार?" तो कारकुनाला म्हणाला. "वाटाणा लिहा. जमीन योजनेत कायम."

काकांनी डोळे पुसले. काकू मात्र उठल्या नाहीत.

"आता हे यादीत लिहा, साहेब. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचे तरी यजमान अर्ज भरायला येतील."

अधिकारी हसला. त्याने कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. तुम्हीच लिहा, म्हणाला, मी वर पाठवतो. काकूंनी वळणदार अक्षरात लिहिलं: मटार शेतात वाळवून काढल्यास तो वाटाणा समजावा. घरी खाल्लेल्या दोन-चार मुठींना माफी असावी असंही लिहा की, अधिकाऱ्याने सुचवलं. ते नको, काकू म्हणाल्या, ह्यांच्या मुठी मोठ्या होतील.

पुढच्या हंगामात नवी छापील यादी आली. ते वाक्य काना-मात्रेसकट जसंच्या तसं होतं. काकांनी ती यादी बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. घरी कोणीही आलं, की ते त्या ओळीवर बोट ठेवतात आणि सांगतात, "हे हिने लिहिलंय."