वंदना पाय का आपटायची

माझा पोरगा बहिरा आहे.

तोच तो, टीव्हीवर बायकोबरोबर गायचा. काशिनाथ आणि वंदना. किन्हवलीच्या पुढच्या आमच्या वाडीतले.

आज माझ्या सुनेला, वंदनाला, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटपलं, पानं उचलली, भजनी मंडळी घरी गेली, आणि आता बसून लिहिते. चौथी शिकलेय. चुका दिसल्या तर मनात सुधारा, मला फोन करू नका.

काशाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "टाक आये. लपवणारीच नाय आता."

लिहायला कारण तुमीच दिलंत. वर्षभर ऐकतेय. काशा माजला, हाक मारली तरी मान वळवत नाय, टीव्हीवर काय गेला, माणसं विसरला.

अरे, ऐकूच येत नाय तर वळेल कुठून?

लग्नाआधी तो दगडाच्या खाणीवर होता. सुरुंग उडाला तेव्हा फार जवळ होता. उजवा कान तिथंच गेला. डाव्यात थोडं उरलं, ते पण वर्षाला कमी कमी.

स्थळ बघताना मीच लपवलं. आठ दिवसांनी वंदनाला कळलं. मला वाटलं, आता पिशवी भरून माहेरी मुरबाडला जाणार. ती चुलीजवळ येऊन उभी राहिली.

"आई, आधी सांगायचं होतं. आठ दिवस मी चुकीच्या कानात बोलले."

एवढंच. त्या दिवसापासून ती त्याच्या डावीकडे. जेवताना, एसटीत, हळदीच्या कार्यक्रमात.

हळदीची गाणी दोघं मस्त म्हणायची. एक ओळ नवऱ्याकडची, एक ओळ नवरीकडची. काशाचा सूर लहानपणापासून पक्का. पण ढोलकी, कीबोर्ड, स्पीकर एकदम सुरू झाले की त्याच्या कानात नुसता गोंधळ. आपली ओळ कधी उचलायची तेच कळायचं नाय.

म्हणून तिचा हात त्याच्या पाठीवर. बोटांनी ठेका धरायची, आणि त्याची ओळ आली की तळहाताने दाबायची.

तुमी कमेंट टाकायचात, काय प्रेम आहे, हात काढतच नाय.

हात काढला असता तर प्रोग्राम तिथंच संपला असता.

मग टीव्हीवर नवरा-बायकोच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली. वंदनाने मला बजावलं, कोणाजवळ बोलायचं नाय. "कळलं की लोक गाणं ऐकणार नायत आई. त्याचे कान बघत बसतील."

शूटिंगला मला पण नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. तीन एपिसोड नीट गेले. चौथ्याला तिथला साहेब म्हणाला, आज दोघं स्टेजच्या दोन टोकांना उभी राहा, गाता गाता जवळ या. छान दिसेल.

म्हणजे तिचा हात त्याच्या पाठीपर्यंत पोचणारच नव्हता.

म्युझिक सुरू झालं. वंदनाने तिची ओळ म्हटली. काशा समोर बघतोय, तोंडावर हसू चिकटवलेलं. ते हसू मी ओळखते. त्याला काय पण कळत नसलं की तो असाच हसतो.

तेवढ्यात वंदनाने पाय आपटला.

स्टेज लाकडी, आतून पोकळ. काशा अनवाणी होता, कपडेवालीने दिलेली चप्पल चावत होती म्हणून काढून ठेवलेली. वंदनाचा ठेका फळ्यांतून त्याच्या तळपायात गेला. मी बघितलं, त्याचे अंगठे हलले. आणि बरोबर उचललं त्याने.

कॅमेरा नेमका माझ्या तोंडावर. तुमी बघितलं असेल, आईच्या डोळ्यांत पाणी, मागे हळवं संगीत. कौतुकाचं नव्हतं ते पाणी. भीतीने अर्धी मेले होते.

नंतर अँकरने विचारलं, अनवाणी का? वंदना पटकन म्हणाली, म्हसा गावच्या देवाला नवस आहे. साफ खोटं. मग देवाचं नाव घेतलंय म्हणून दर वर्षी म्हशाच्या जत्रेला दोघं अनवाणी. मी म्हणायचे, खोटं तू बोललीस आणि फोड त्याच्या पायाला.

मग ती आजारी पडली. अंथरुणावरून माझा हात धरून शिकवायची. बोटं अशी, मग दाब.

"आई, तुमी शिकून घ्या."

मी म्हणायचे, माझा हात कापतो, तू बरी हो आणि तूच दाब. ती चिडायची. "तुमाला काय गायला सांगतेय का?"

धड शिकले नाय मी. शिकले असते तर ती जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

ती गेली. वर्षभर काशा गायला नाय.

आज भजन चालू होतं आणि हा मध्येच उठला. ढोलकीवाल्याला खूण केली. त्यांचं हळदीचं गाणं म्हणतो म्हणाला. माझ्या दिराने तोंड वाकडं केलं, श्राद्धाला हळद? मी म्हटलं, तिच्या घरात तिचं गाणं होईल, नको असेल तर पडवीत जाऊन बसा.

बोलले खरी, पण ठेका कोण देणार? अख्खी वाडी बसलेली. आज चुकला असता तर परत कधी गायला नसता.

गुडघे धरत उठले, त्याच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवला. चाळिशी उलटलेला पोरगा, दचकला.

मग मागे न बघता म्हणाला, "ठेव."

तिने शिकवलेली तशी बोटं ठेवली. तसाच ठेका धरला. त्याची ओळ आली, दाबलं. उचलली त्याने.

मग वंदनाची ओळ.

तो गप्प. कोणीच म्हटली नाय. नुसती ढोलकी, आणि माझी बोटं. तिची ओळ किती लांब ते मला पाठ आहे. संपली तशी दाबलं.

परत त्याची. परत तिची, रिकामी.

चौथ्या कडव्याला मी चुकले. तिची ओळ अर्धीच झाली होती आणि मी दाबलं.

त्याने नाय उचललं. तिची पुरी होऊ दिली, मगच आपली म्हटली.

आता पोस्ट वाचलीत, तर यापुढे त्याला हाक डावीकडून मारा. आणि मोठ्याने.

वंदे, चौथ्याला चुकले ते मला माहीत आहे. बोलू नको.

जा गो बाय आता, निवांत.