मामांसाठी आणलेलं मऊ धनुष्य

उसाच्या चरकात डावा हात गेलेल्या माझ्या मामांसाठी मी शिरूरच्या बाजारातून अगदी मऊ धनुष्य निवडून आणलं. ओल्या बांबूचा वास आला की तो शहाणपणा अजून आठवतो. मामांच्या गावी, राहूला, हरणांचा कळप त्यांचा हरभरा फस्त करत होता. वर्षाचं पीक तेवढंच. मामांनी माझं धनुष्य एकदा वाकवलं, मामीकडं दिलं आणि आढ्यावरचं जुनं काढलं. ते मला कधी दोन्ही हातांनीही वाकलं नव्हतं. मामा बांधाआड उताणे पडले, धनुष्य दोन्ही तळपायांवर तोललं आणि उजव्या हातानं दोरी छातीपर्यंत ओढली. लांबवरचं काळवीट एका बाणात कोसळलं. माझा आ मिटेना, तशी मामी म्हणाली, "तुझं धनुष्य वाळवणावरची कावळे हाकाया ठिवते. तुला बी तेवढंच जमंल."