धरमसिंग राठोडची विजेची चावी

धरमसिंग राठोडला स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. ग्रामपंचायतींचे, सावकारांचे, शाळामास्तरांचे बॅटरीवर चालणारे रेडिओ त्याच्याकडे येत. धरमसिंग मागचं झाकण काढी, नाक आत घालून वास घेई आणि कुठला भाग जळाला ते तिथल्या तिथे सांगे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघे. दहाव्या वेळी, त्याच्या मते, रेडिओचं चुकलेलं असे.

हा ताठा त्याने पलटणीतून आणला होता. तांड्यावरचा हा पोरगा बेचाळीस साली भरती झाला आणि जबलपूरला सिग्नलची विद्या शिकला. मोर्स म्हणजे काय, तर नुसत्या आवाजांची भाषा. छोटा आवाज तो डिट, लांब आवाज तो डा, आणि त्यांच्या जुळणीतून अक्षरं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या जंगलात धरमसिंगने तीन पावसाळे चावी दाबत काढले. चावी दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी, आणि या ढबीला सिग्नलवाले ‘हात’ म्हणत. धरमसिंगचा हात अर्ध्या डिव्हिजनला पाठ होता. चाळीस मैलांवर कानाला भोंगे लावून बसलेला मद्रासी ऑपरेटर पहिल्या ओळीतच म्हणे, आज राठोड बसलाय. ज्यांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशी माणसं त्याला ओळखत होती.

लढाई संपली, तो घरी आला, आणि हे सगळं ओळखणं तिकडेच राहिलं. गावात कुणाला सांगावं, तर माणूस ‘हो का’ म्हणे आणि पानाला चुना लावू लागे. मग एक दिवस त्याला कळलं की सरकारची परीक्षा दिली तर साध्या माणसालाही हौसेखातर स्वतःचं बिनतारी यंत्र घरात लावायचा परवाना मिळतो. जगात कुठेही, त्याच हौसेच्या माणसांशी, मोर्समध्ये बोलायची मुभा. त्या दिवसापासून धरमसिंगला दुसरं काही सुचेना. त्याला परवाना हवा होता. पुन्हा एकदा कुणीतरी दूरवरून त्याचा हात ओळखायला हवा होता.

आडवा आला तो हातच. त्रेपन्न साली एका पंचायतीच्या माळवदावर एरियलची तार बांधताना तो खाली आला आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बसवलं, कामापुरतं चाललंही, पण चावी दाबायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते लाकडासारखं ताठ होई. पंचावन्न साली तो नागपूरला परीक्षेला बसला. ऐकून लिहिण्यात एक अक्षर चुकलं नाही. पाठवायच्या वेळी तिसऱ्या मिनिटाला मनगट धरलं आणि हात नुसता चावीवर पडून राहिला. परीक्षक साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, “राठोड, कान तुमचे सोन्याचे आहेत, पण नियमाला हातही लागतो. तयारी करून परत या.” धरमसिंग घरी आला आणि दोन दिवस त्याने दुकान उघडलं नाही. त्याला लाज वाटली होती, आणि लाज हा प्रकार त्याच्या सवयीचा नव्हता.

वाट दाखवली ती जानरावने. जानराव हा पोस्टातला तारबाबू. दिवसभर कडकट्ट करून संध्याकाळी तो धरमसिंगच्या दुकानात येऊन पुन्हा कडकट्टच्याच गोष्टी करी. त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकातली जाहिरात फाडून आणली. मुंबईचा एक दुकानदार विजेच्या चावीचं सगळं सामान पेटीत घालून टपालाने पाठवत होता, जोडायचं आपलं आपण. या चावीला वरून ठोकायचं नसतं. उभी पट्टी असते. अंगठ्याने एका बाजूला रेटली की यंत्र आपणहून डिट-डिट-डिट सोडत राहतं, बोटाने दुसऱ्या बाजूला रेटली की डा-डा-डा. सोडलं की थांबतं. मनगटाला कामच नाही. नागपूरला पत्र टाकून विचारलं, तर उत्तर आलं की उमेदवाराने स्वतःची चावी आणायला हरकत नाही.

पेटी माघात आली. भुश्शात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह, मिलिटरीच्या भंगारातला एक रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारा खटका, मूठभर कंडेन्सर आणि घडी घालून घालून फाटलेला नकाशा. धरमसिंगने नकाशा एकदा पाहिला आणि बाजूला ठेवला. शेगडीवर खिळा तापवून तो डाख लावू लागला. पट्टी त्याने करवतीच्या पात्याची केली. पट्टी जिथे टेकते तिथे चांदी लागते, ती पेटीत नव्हती. त्याने नवी चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, कापून लावली, पण तिच्यात चांदी कुठली, ठिणगीने ती दोन दिवसांत काळी ठिक्कर पडली.

घरी ते गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. सांगणाऱ्याला ती येत नाही, म्हणून इथे वऱ्हाडीत सांगतो. रुपाबाईने, त्याच्या बायकोने, ती काळी चवली पाहिली आणि गळ्यातल्या रुपयांच्या माळेतला एक राणीछाप काढून त्याच्यापुढे ठेवला.

“घ्या. हे असली चांदी हाय.”

“तुह्या मायनं देल्ली माळ ते. कापाचा हाय मले तो.”

“कापा ना मंग. एक कमी झाल्यानं मान काही वाकडी नाही होत माही. पर तुमचं हे तोंड पाहून पाहून माह्या जिवाले कटाळा आला.”

दहाव्या दिवशी चावी बोलली. काय सुरेख बोलली! डिट अगदी मोजून मापून, डा बरोबर तिप्पट, आणि मनगट मांडीवर ठेवलं तसं निवांत. धरमसिंगने जानरावला समोर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि पाच मिनिटं न थांबता मजकूर पाठवला. मग मिशीवरून हात फिरवून म्हणाला, “वाच.”

जानराव वाचेना. कागद उलटासुलटा करून तो म्हणाला, “धरमसिंगभाऊ, अर्धे अक्षर दुसरेच येऊन राह्यले. जिथी अक्षर ‘डा’वर संपते तिथी आनखी एक डा चिकटून येते.”

“मशीनमधी दोष हाय,” धरमसिंग म्हणाला. अर्थात.

पुढचे तीन आठवडे त्याने ती चावी तीनदा उस्कटली आणि तीनदा जोडली. कंडेन्सर बदलले. रिलेची स्प्रिंग ताणून पाहिली, सैल करून पाहिली. रॉकेलने सगळं धुतलं. मुंबईच्या दुकानदाराला दोन पानी पत्र लिहून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. दर वेळी चावी पुन्हा सुरू होई आणि दर वेळी तो जादा डा हजर. जानरावने एकदा भीत भीत सुचवलं, “मी पाहू काय चालवून?” पण ते काही जमणारं नव्हतं. पलटणीत एकाच्या चावीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा दंडक होता आणि धरमसिंगच्या दुकानात अजून तीच पलटण होती. “अन् माह्या हाताबद्दल बोलू नोको,” तो म्हणाला. “हा हात सरकारनं वापरला हाय.”

परीक्षा होळीनंतर होती. होळीला तो तांड्यावर गेला, कारण त्याच्याशिवाय लेंगी होत नसे. डफाभोवती गोल करून पुरुष गात, धरमसिंग ओळ टाकी आणि बाकीचे ती उचलत. ओळीचा शेवट तो असा लांबवी की डफवाल्याचा हात वर राही आणि पन्नास माणसं तोंड उघडून वाट पाहात. म्हातारी माणसं म्हणत, गळा असावा तर असा. रुपाबाई बायकांत उभी राहून हे दहा वर्षं ऐकत आली होती. त्या वर्षी मात्र ऐकता ऐकता तिने एकदम कान टवकारले.

दोन दिवसांनी ती भाकर घेऊन दुकानात आली, तर जानराव सुट्टीचा म्हणून बसलेला आणि धरमसिंगने चौथ्यांदा चावी उघडायला घेतलेली.

“नका खोलू तिले,” ती म्हणाली. “मशीन बरोबर हाय. तुमीच ओढता.”

“काय ओढतो मी?”

“शेवट. लेंगीत ओढता तसाच. तिथी पन्नास मानसं थांबतेत तुमच्यासाठी. हे मशीन काहून थांबन? तुमी दाबून ठेवता, ते आपलं दुसरं टाकून देते.”

धरमसिंगचा चेहरा पाहून जानरावने भाकरीकडे लक्ष वळवलं. साध्या चावीवर हा लांबवलेला डा म्हणजेच त्याचा हात होता, डिव्हिजनभर गाजलेला. साधी चावी बिचारी दाबाल तितकी वाजते. विजेची चावी स्वतःच्या ठेक्यावर चालते आणि कुणाची वाट पाहात नाही.

“हे तुले काय समजते?” धरमसिंग ओरडला.

“काहीच नाही समजत. तारबाबूले बसवा अन् मले खोटं पाडा.”

आता आली पंचाईत. बायकोला खोटं पाडायचं तर दंडक मोडायला हवा होता. धरमसिंग बाकड्यावरून उठला. जानराव धोतराला हात पुसून बसला आणि त्याने सावकाश एक मजकूर पाठवला. एकही अक्षर चुकलं नाही. जादा डा कुठेच नाही. धरमसिंगने तो ऐकला, आणि सांगायलाच हवं, की त्याने कबूल केलं. जोराने नाही, पण केलं. “आता जन्माची सवय कशी तुटनार?” एवढंच म्हणाला.

“मी तोडतो,” रुपाबाई म्हणाली.

पंधरा दिवस ती रोज दुपारी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी घेऊन त्याच्या शेजारी बसली. डा लांबला की बोटावर काडी. लढाईवरून आलेला, सरकारने वापरलेला तो हात काडीचे फटके खात होता आणि दुकानासमोरून जाणारे लोक थबकून पाहात होते. पहिल्या दिवशी शंभर फटके बसले असतील. शेवटच्या दिवशी एकही नाही.

कारंज्यावरून मूर्तिजापूर, तिथून आगगाडीने नागपूर. बॅटरी टोपल्यात आणि चावी मांडीवर. साहेब तोच होता. धरमसिंगने पट्टीला अंगठा लावला आणि सुरू केलं. तिसरं मिनिट आलं आणि गेलं. पाचही मिनिटं संपली. मनगट निवांत होतं. साहेबाने कागद पाहिला, खाली सही केली आणि कौतुकाने म्हणाला, “पास. छापल्यासारखं आहे हो! तीस वर्षं मी लोकांचे हात ओळखतोय, पण या खुर्चीत कोण बसलंय हे मला डोळे मिटून सांगता यायचं नाही.”

साहेबाने वाखाणणी केली होती. धरमसिंगला ती मुक्या मारासारखी लागली. आगगाडीत तो पासाचा कागद घेऊन बसला आणि त्याला वाटलं, परवाना तर मिळाला, पण ज्या हातासाठी मिळवला तोच पुसून टाकला. आता कोलंबोचा माणूस ऐको की मॉस्कोचा, त्याला नुसतं मशीन ऐकू येणार. राठोड बसलाय, असं कुणी म्हणणार नाही. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच धरमसिंगला वाटलं की आपण कुणीच नाही.

घरी पेढे आणले, पण तोंड पाहून रुपाबाईने विचारलंच. जानरावही पेढ्यासाठी आलेला होता. धरमसिंगने साहेबाचं बोलणं सांगितलं.

“त्या सायबाले नसन येत वळखू,” रुपाबाई म्हणाली. “मले येते.”

“उगी मन राखू नोको.”

“काय मन राखून राह्यली? मी तिकडे तोंड करून बसतो. तुमी दोघं वाजवा. कोन वाजवते ते नका सांगू.”

ती दाराकडे तोंड करून वालाच्या शेंगा सोलत बसली. आधी जानरावने वाजवलं. “तारबाबू,” ती म्हणाली. मग धरमसिंगने. “तुमी.” मग फसवायला धरमसिंगनेच परत. “तुमीच अजून.” मग तिसऱ्यांदाही धरमसिंगनेच. मग जानरावने दोनदा. एकाच मजकुराचे तेच शब्द, मापून काढलेले तेच डिट, तेच डा. बारा वेळा झालं आणि बारा वेळा तिने शेंगेवरची नजर न उचलता बरोबर नाव घेतलं.

जानरावचा पेढा हातातच राहिला होता. “वहिनी, कशावरून पन?”

“वाजते ते समदं मशीनचं हाय,” ती म्हणाली. “ते सारखंच. पर एक अक्षर झालं का हे जरासे थांबतेत अन् मंग दुसरं काढतेत. घास गिळाले लागते ना, तेवढं. ते त काही मशीन नाही करत. तुमी थांबत नाही, तारबाबू. तुमाले घरी जायची घाई असते.”

जानराव हसला. धरमसिंगला हसता आलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. त्याने चावी पुढे ओढली, एक ओळ पाठवली, मान वाकडी करून ऐकली. पुन्हा पाठवली. पुन्हा ऐकली. सोन्याचे कान होते त्याचे, पण ते थांबणं काही त्यांना सापडेना.

“कुठी थांबतो मी? मले त नाही आयकू येत.”

“तुमाले नाही येनार,” रुपाबाई म्हणाली, आणि सोललेले दाणे ओच्यात घेऊन ती त्याच्याकडे वळली. “ते आयकनाऱ्यालेच येते. वाजवा तुमी, मी आयकतो.”