लेबल पुसलेला डबा

झाकण उघडलं आणि मला भज्यांचा वास आला.

पॉवर स्टीअरिंगच्या टाकीला जळक्या रबराचा वास येऊ शकतो, तापलेल्या तेलाचा येऊ शकतो. भज्यांचा येत नाही. मी बोट बुडवलं, चोळलं, पुन्हा हुंगलं. मी भरलेलं तेल लाल होतं. हे तपकिरी, चिकट आणि फेसाळलेलं होतं.

मागे शेठजींचा थोरला मुलगा उभा होता. त्यांची ॲम्बेसेडर नुकतीच अंबड रोडवरून ट्रॅक्टरला बांधून माझ्या गॅरेजात आणली होती. डावा दिवा फुटलेला, बंपरमध्ये बाभळीच्या फांद्या अडकलेल्या.

"भंगारातला पंप लावला तुम्ही," मुलगा म्हणाला. "बाप मरता मरता वाचला माझा."

एरवी असं कुणी बोललं असतं तर मी पाना खाली ठेवला नसता. त्या दिवशी मी पाना खाली ठेवला आणि बोट पुन्हा हुंगलं.

शेठजींची जुन्या जालन्यात सरकीच्या तेलाची मिल होती. वय सत्तरीच्या आसपास. लकवा येऊन गेल्यापासून डाव्या हातात जोर नव्हता. तरी दर आठवड्याला ते स्वतः गाडी चालवत अंबडला थोरल्या बहिणीकडे जायचे. ड्रायव्हर सोबत असला की ती मनातलं बोलत नाही, म्हणून एकटेच. पण या गाडीचं स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि त्यांचा एकच हात चालायचा.

"मिस्त्री, स्टेरिंग हलकं करून द्या," ते म्हणाले होते. "न्हाई जमलं तर पोरं गाडी इकून टाकतेत."

पॉवर स्टीअरिंग म्हणजे तेलाचा दाब. आपण चाक थोडं फिरवलं की पंप तेल ढकलतो आणि उरलेला जोर तेल लावतं. हा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्यांच्या जुन्या इंजिनला तसा पट्टा बसवायला जागा नव्हती. म्हणून मी बॅटरीवर चालणारा पंप शोधला. एका अपघातात गेलेल्या परदेशी गाडीचा होता, पण मोटर कोरी करकरीत. तो सुरू होताना भरपूर करंट ओढतो, म्हणून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मोठा टाकला, जाड केबल ओढली, वेगळा फ्यूज दिला. स्टीअरिंगचा खालचा भाग नव्या मॉडेलचा बसवला. जालन्यात असं काम तोपर्यंत कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ट्रायलला शेठजींनी गाडी गल्लीत उभ्या उभ्या एका हाताने वळवली. दोनदा वळवली. मग उगीचच तिसऱ्यांदा.

इथवर सगळं बराबर होतं. मग ते तेलाचं विचारू लागले.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. मी हसनाबादहून रिकाम्या हाताने आलो आणि उस्तादाकडे पहिलं काम हेच शिकलो. तेलाचा डबा आला की रॉकेलचा बोळा घेऊन त्यावरचं नाव पुसायचं. गिऱ्हाईकाला नाव कळलं नाही की ते परत आपल्याकडेच येतं. मी स्वतःचं गॅरेज काढलं तरी बोळा सोडला नाही.

नव्या पंपातली हवा निघाली की टाकीतलं तेल थोडं खाली बसतं. मी शेठजींना आठ दिवसांनी यायला सांगितलं.

"तेवढ्यासाठी कशाला यायचं? मीच टाकतो. ह्यात तेल कोणतं पडतं?"

"ते माझं काम आहे."

"नाव तर सांगा."

मजुरीवरून त्यांनी मला तीन दिवस घासलं होतं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणालो, "शेठजी, तुमच्या तेलात तुम्ही काय मिसळता, हे मी कधी विचारलं का?"

ते किल्ली उचलून गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, जिंकलो.

आठ दिवसांनी ते आले नाहीत. मीही निरोप पाठवला नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी गाडी ट्रॅक्टरमागे आली.

मुलगा गेल्यावर मी पंप खोलला. आत तव्याच्या कडेला जमतो तसा चिकट थर. पंप अडकला, फ्यूज उडाला आणि ऐन वळणावर स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. एका हाताने ते वळवणं शक्यच नव्हतं.

मी तसाच शेठजींच्या घरी गेलो. ते पलंगावर बसले होते. प्लास्टर उजव्या हाताला होतं. जो चालत होता, त्या हाताला.

"टाकीत काय टाकलं, शेठजी?"

"तेल."

"कोणतं?"

"माझ्या मिलचं. तेल खाली गेल्तं. तुमच्याकडं यायचं मन झालं न्हाई." मग म्हणाले, "त्यात काही मिसळेल नव्हतं, मिस्त्री. बिलकुल शुद्ध होतं."

चहा आला, तो प्यायलो आणि उठलो.

पंप धुऊन, रबरी सील बदलून मी पुन्हा बसवला. एका फटक्यात सुरू झाला. पण मुलांनी गाडी विकलीच. पुढे अंबडहून बहीणच जीपमध्ये बसून भेटायला यायची, आणि मुलं-सुना आसपास असायची.

थोरला मुलगा कित्येक वर्षं बाजारात सांगत फिरला की मिस्त्रीने भंगार लावलं. त्याचा राग मला आजही आहे, कारण पंप चांगला होता. हे मी तेव्हाही चारचौघांत ठणकावून सांगायचो. तो का अडकला हे मात्र कधी सांगितलं नाही. शेठजींनीही सांगितलं नाही.

आता मी प्रत्येक टाकीच्या झाकणावर तेलाचं नाव पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात लिहितो. नाव वाचून निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडून तेल घेतात. घेऊ देत.