बाबा नाणं बघायला आले

पोशीरहून माझा टेंपो निघाला तेव्हा बाबा रस्त्याकडेच्या खाचरात लावणी करत होते. माझ्याशेजारी टेंपोत बसलेल्या आईनं हाक मारली, "अवं, पोर चालली हाय!" बाबांनी मान वर केली नाही. आदल्या आठवड्यात एवढंच म्हणाले होते, "आसामात जायाचं तर जा. मला इचारू नको." नेरळ येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही.

इथं आसामात तेलविहिरींवर मी दाब मोजणारी यंत्रं सांभाळते. शिफ्ट, क्वार्टर, कँटीन असं आयुष्य. सुरुवातीला विहीर खोदणाऱ्या रिगच्या आवाजानं झोप लागायची नाही. आता तो थांबला की दचकून जाग येते. इथली माणसं मला बाइदेउ म्हणतात, म्हणजे ताई. पण सुट्टीत घरी गेले की बाबा शेताचं, पावसाचं बोलायचे, माझ्या नोकरीचं नाव काढायचे नाहीत. गावाकडची माणसं म्हणायची, होईल त्यांना सवय. मला मात्र ते सलायचं. शेवटी मुंबईजवळ बदलीसाठी अर्ज केला आणि आईला फोनवर तसं सांगितलं.

त्याच सुमारास देशाच्या तेल उद्योगाच्या गौरवार्थ एक नाणं निघालं. आमच्याकडे कार्यक्रमात काही जणांना ते मिळणार होतं, त्यात माझं नाव होतं. घरच्यांना बोलवा, असं साहेब म्हणाले. आईला गुडघ्यांमुळे प्रवास जमणार नव्हता. मी आशा सोडली. आणि बाबा एकटेच आले, पिशवीत कडवे वाल घेऊन.

नाणं मी त्यांच्या हातात दिलं. त्यावरच्या रिगवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ह्ये बाजारात चालल का?"

"नाही बाबा. जपून ठेवायचं असतं."

"मंग तू हितं काय करतेस, त्ये दाव मला."

साहेबांची परवानगी काढली, बाबांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि त्यांना दाबाचे काटे असलेल्या माझ्या पॅनेलपाशी नेलं.

"ह्यो काटा लई वर गेला तर?"

"तर मी विहीर बंद करते. नाहीतर तिथल्या लोकांच्या जिवावर बेतेल."

बाबा वर रिगवर काम करणाऱ्या माणसांकडे बराच वेळ बघत राहिले. परत येताना हळूच म्हणाले, "तुला घेऊनच जायाचं, असं ठरवून निघालो हुतो गं. आता नाय म्हनत. बदली आमच्यासाठी करत असशील तर नको करू."

मला रडू आवरेना. बाबा गोंधळून आपला पंचा पुढे करत राहिले.

मी अर्ज मागे घेतला. नाणं बाबा पोशीरला घेऊन गेले. येईल त्याला दाखवतात, असं आई सांगते. पोशीर माझं घर आहेच, अजूनही स्वप्नात तिथलंच अंगण येतं. पण क्वार्टरच्या मागे मी वाल पेरलेत, आणि इथल्या ओल्या मातीत ते चांगले धरलेत. परवा बाबांचा फोन आला. "कधी येतेस?" असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "शेंगा भरल्या की सांग. आईला घेऊन येतो."